खांबाखालची वाळू

सोमवार, ३ मार्च

बारके,

पेटीत समुद्राच्या पाण्याच्या बाटल्या चार, बर्फ भरपूर आणि झाकणाला आतून चिकटवलेलं हे पत्र. बर्फाने शाई फुटली तर माझं अक्षर समजून वाच, फारसा फरक पडायचा नाही.

मोठी बातमी म्हणजे अण्णा आले, परवा, बसने. चाळीस वर्षं बस चालवलेला बाप प्रवासी म्हणून बसला की काय करतो ते तुला सांगायला नको. सगळ्या रस्त्याने ब्रेक कधी मारायचा ते सांगत आले. उतरल्यावर ड्रायव्हरने मला कोपरापासून हात जोडले. गुडघे मात्र पार गेलेत. डावा, क्लचचा, जिना चढताना वाजतो म्हणे. मला कुठलं ऐकू यायला, तुझी वहिनी सांगते.

माझे कान आहेत तसेच. वीस वर्षं बुडणाऱ्या लोकांना बाहेर काढलं, तेवढ्या वेळात कानांनी अर्धा समुद्र पिऊन घेतला, असं डॉक्टर म्हणतो. दर पावसाळ्यात पू यायचा तेव्हा लक्ष दिलं नाही, आता भोगतोय. म्हणून तर आपली ही पत्रापत्री. फोनवर तू बोलशील आणि मी नुसतं हो हो करत बसेन.

आता मुद्द्याचं. अण्णांना डेपोतल्या कुणा मेकॅनिकने सांगितलंय की ओल्या वाळूत गुडघ्यांपर्यंत पाय पुरून बसलं की वाळू दुखणं ओढून घेते. पाण्यात पाऊल टाकणार नाहीत, भित्रे आहेत. नुसतं वाळूत. बसू देऊ ना? साखर आहे म्हणून विचारतो. पाणी तपासणारी शिकलेली बहीण घरात असताना मी मेकॅनिकचं ऐकलं असं नको व्हायला.

दादा


गुरुवार, ६ मार्च

दादा,

निकालाची चिठ्ठी आणि रिकाम्या बाटल्या सोबत. चारही समाधानकारक. हिरवा झेंडा लाव.

तू मागे विचारलं होतंस की सोमवारच्या पाण्याचा निकाल गुरुवारी का. जंतू डोळ्यांना दिसतील एवढे वाढायला बशीला ऊब लागते आणि वेळ लागतो, मग टायपिंग, मग सही, मग तुझ्या बाजूला येणारी गाडी. म्हणजे आज तू लावशील तो झेंडा तीन दिवसांपूर्वीच्या पाण्याचा. आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांना एकदा हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "वर्तमानपत्रसुद्धा कालचंच सांगतं, म्हणून कुणी वाचायचं सोडत नाही."

साहेबांविषयी जपून लिहीत जा. पेटी हल्ली ते स्वतः उघडतात. तुझं मागचं पत्र देताना "भावाला अक्षर सुधारायला सांगा" म्हणाले, म्हणजे वाचलं असणार. आमच्या खोलीत लपवायला जागाही नाही. एक ओटा, दोन स्टुलं, बशांची उबेची पेटी, आणि फोन त्यांच्या टेबलावर.

अण्णांना बसू दे की. पाणी इतकं चांगलं येतंय, मग वाळूला काय धाड भरलीय? साखरेच्या गोळ्या मात्र चुकवू देऊ नको.

अण्णांच्या पाया पडते.

बारकी


सोमवार, १० मार्च

बारके,

तुझा हुकूम आला आणि अण्णांचं राज्य सुरू झालं. खड्डा कुठे खणायचा यावर घरात मोठी सभा भरली. वहिनीचं म्हणणं, वर झाडांजवळ कोरड्यात. मी म्हटलं, छे, झेंड्याच्या खांबाखाली. बाटल्या मी तिथूनच समोर कमरेपर्यंत पाण्यात जाऊन भरतो, म्हणजे तुझा शिक्का तिथला. शिवाय तिथे वाळू बाराही महिने ओली. वरच्या वस्तीचा ओढा तिथवर येऊन वाळूत जिरतो ना, त्यामुळे हाताला जरा उबदारही लागते.

सकाळी तासभर बसतात. येणाऱ्याजाणाऱ्याला गाडी चालवायचे धडे देतात. चौथ्या दिवशी म्हणाले, निम्मं दुखणं गेलं. डाव्या टाचेला ही एवढी भेग पडलीय, वहिनीने दाखवली, तर त्यांना पत्ताच नाही. म्हणाले, दुखतच नाही. वाळूचा गुण आला म्हणायचा.

पेटीत पाचवी वस्तू बघून दचकू नको. जॅमची बरणी आहे. अण्णांनी खड्ड्यातली वाळू स्वतःच्या हाताने भरलीय. निरोप असा: "ही माझी गादी. बारकीला सांग, हिलाही तुमचा शिक्का मार."

दादा


गुरुवार, १३ मार्च

दादा,

निकाल सोबत आहे. समाधानकारक. हिरवा.

बरणी पोचली. अण्णांना सांग, गंमत आवडली.

इकडे हवा बदलली आहे. तुमच्याकडेही गार वारा सुटला असेल. अण्णांना काही दिवस घरातच बसव. या वयात पायांना गारठा बरा नाही. खरंच सांगते दादा, गारठा फार वाईट. वाळूचं आत्ता राहू दे, पुढे बघू. टाचेची भेग साबणाने धू आणि डॉक्टरला दाखव. हसण्यावारी नेऊ नको.

पुढचा आठवडा मी इथे नसेन. साहेबांनी अचानक धरणाच्या पाण्याच्या तपासणीवर पाठवायचं ठरवलंय.

काम पडलंय, थांबते. अण्णांच्या पाया पडते.

बारकी


सोमवार, १७ मार्च

बारके,

लहानपणी मला तू छत्रीशिवाय शाळेत जाऊ द्यायची नाहीस, वयाने सात वर्षांनी लहान असून. तीच तू अजून. गारठा, गारठा! इथे ऊन कसं मस्त पडलंय.

तरी तुझं पत्र अण्णांना वाचून दाखवलं. म्हणाले, "पोरीचं खरं आहे, वर वारा लागतो. मग आणखी खोल खण. आत गरम असतं." ते पटलं. म्हणून आता खड्डा मांड्यांपर्यंत केलाय, वरून गोणपाट टाकतो, वारा शिरायची बिशाद नाही. घरात बसवलं तर गुडघे आखडतात म्हणून सकाळसंध्याकाळ दोन्ही वेळा नेतो. गारठ्याचं नाव नाही, निश्चिंत राहा.

टाच साबणाने धुतो. भेगेत वाळू जाते ती समुद्राच्या पाण्याने खळबळून काढतो, तुझ्या समाधानकारक पाण्याने! डॉक्टर आमच्याकडे गुरुवारीच येतो, तेव्हा दाखवू.

धरणावर सांभाळून. तिथे मी नाही बाहेर काढायला.

दादा


सोमवार, २४ मार्च (पोस्टाने)

दादा,

आज धरणावरून परत आले आणि तुझं सतरा तारखेचं पत्र वाचलं. आजच्या पेटीत नुसत्या बाटल्या, पत्र नाही. दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानातून किनाऱ्याच्या ऑफिसला तीनदा फोन केला, कुणी उचलला नाही. म्हणून हे पोस्टात टाकते.

अण्णांना वाळूतून काढ. हे वाचता वाचता ऊठ आणि काढ.

गारठा बिरठा काही नव्हता. बरणीतली वाळू मी गंमत म्हणून तपासायला लावली. चमचाभर वाळू शुद्ध पाण्यात घुसळली, ते पाणी बारीक कागदातून गाळलं आणि कागद बशीत घालून उबेला ठेवला. तुझ्या पाण्याच्या बशांत दुसऱ्या दिवशी सात ठिपके, नऊ ठिपके. एकेक ठिपका म्हणजे जंतूंचं एकेक बिऱ्हाड. वाळूच्या बशीत ठिपकेच नव्हते, सगळी बशी एकसारखी पिवळी. अशा वेळी आम्ही वहीत आकडा लिहीत नाही, 'मोजण्यापलीकडे' एवढंच लिहितो. पातळ करून पुन्हा लावली. पुन्हा तेच. मैल्यातले जंतू, आणि जखमेतून आत शिरणारेही.

लाटा पाणी रोज बदलतात, वाळू जागच्या जागी राहते. भांडी घासायचं फडकं असतं ना तसं, पाणी कितीदाही बदल, घाण फडक्यात साठते. त्यात तो ओढा तिथेच जिरतो. हे मी शिकत असताना वाचलेलं होतं दादा. तरी 'वाळूला काय धाड भरलीय' असं मीच लिहिलं.

बशी साहेबांना दाखवली. ते वाईट नाहीत. चष्मा काढून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "नमुना कशात आला?" मी म्हटलं, जॅमच्या बरणीत. "पाण्याला मर्यादा ठरलेली आहे. वाळूला कुठे आहे? फॉर्मवर रकाना तरी आहे का? किनारा का बंद केला असं उद्या कुणी विचारलं तर जॅमची बरणी दाखवू?" यातलं एक अक्षर कागदावर येता कामा नये, घरच्या पत्रातसुद्धा, असं बजावलं. दुसऱ्या दिवशी धरणाचा हुकूम हातात.

मी घाबरले. वाटलं, गारठ्याचं लिहिलं की अण्णा आपोआप घरात बसतील आणि माझीही नोकरी वाचेल. कोपऱ्यावरचं दुकान तेव्हाही होतं. तुला ऐकू येत नाही, पण वहिनींना येतं. फोन केला नाही.

रागाव, हवं तेवढं रागाव. पण आधी त्यांना काढ.

बारकी


गुरुवार, २७ मार्च (हॉस्पिटलातून)

बारके,

तुझं पत्र आलं असेल तर घरी पडलं असेल. मी आठ दिवस इथेच आहे, सोमवारच्या बाटल्याही दुसऱ्या कुणी भरल्या. हॉस्पिटलच्या बाकावर पाठीमागच्या भिंतीला टेकून लिहितोय.

गुरुवारी टाच दाखवायची होती, बुधवारीच अण्णांना ताप भरला. पाय पोटरीपर्यंत सुजला, लाल झाला, मग जांभळा. डॉक्टर म्हणाले, जंतू आत शिरलेत, साखरेमुळे पाय लढत नाही, थांबलो तर माणूस हातचा जाईल. शनिवारी डावा पाय गुडघ्याखाली काढला. कागदावर सही मी केली. सही करताना डॉक्टर काहीतरी समजावत होते, मला ऐकू येत नव्हतं, मी मान हलवली.

अण्णा शुद्धीवर आले आणि चादरीकडे बघून म्हणाले, "क्लचचाच गेला होय? जाऊ दे. नव्या गाड्यांना लागत नाही म्हणे." वहिनी बाहेर जाऊन रडली.

डॉक्टरांना मी कागदावर लिहून विचारलं, कशाने झालं? त्यांनी खाली लिहिलं, 'भेग होती, साखर होती, कशानेही होऊ शकतं.' पण मला माहीत आहे कशाने झालं. तू बजावून सांगितलं होतंस, गारठा लागू देऊ नको. मंगळवारी मी गोणपाट घरी विसरलो. आणायला गेलो तेवढ्यात अर्धा तास वारा लागला त्यांना. तो अर्धा तास डोक्यातून जात नाही. बहिणीने इतक्या लांबून सांगितलं आणि शेजारी असून मी पाळलं नाही. मला माफ कर.

दादा


गुरुवार, १७ एप्रिल

दादा,

निकाल सोबत. समाधानकारक.

तीन सोमवार पेटी आली आणि झाकणाला काही चिकटवलेलं नव्हतं. माझं पोस्टातलं पत्र तुला मिळालं हे मला त्यावरून कळलं. वहिनींना ऑफिसच्या फोनवर बोलावून घेतलं होतं. अण्णा घरी आले एवढं सांगितलं आणि मागे लोक थांबलेत म्हणून ठेवून दिला. मागे कुणी नव्हतं, मला आवाज येतो.

गोणपाटाचं मनातून काढून टाक. त्या अर्ध्या तासाने काही झालेलं नाही. खड्डा तू खोल केलास तो माझ्या पत्रामुळे. सत्तावीस तारखेच्या पत्रात तू माझी माफी मागितलीस, ते पत्र मी ओट्याच्या खणात ठेवलंय. खण उघडायचं मी टाळते.

अण्णांच्या पायात शिरले ते बरणीतलेच जंतू की दुसरे, हे मी सांगू शकत नाही. हॉस्पिटलने नोंद ठेवली असेल, पण माझ्या बशा साहेबांनी त्याच दिवशी वाफेवर जंतू मारून फेकून द्यायला लावल्या. जुळवून बघायला काही उरलेलं नाही. म्हणजे मी चुकले हेसुद्धा मला सिद्ध करता येत नाही.

वाळू तपासायची परवानगी मागणारा अर्ज वर पाठवला. 'विषय विचाराधीन आहे' असं उत्तर आलं. मागच्या चिठ्ठीच्या तळाशी पेनाने 'खांबाजवळच्या वाळूत बसू नये' एवढं लिहिलं होतं. साहेबांनी चिठ्ठी पुन्हा टाईप करून घेतली, म्हणून तुला ते दिसलं नसेल.

काहीतरी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

अण्णांना नमस्कार.

बारकी


सोमवार, २१ एप्रिल

बारके,

रागावलो होतो आणि अजून आहे. तीन आठवडे रोज मनात तुला पत्र लिहिलं, त्यातलं एकही पाठवण्यासारखं नव्हतं. घाबरलीस ते समजतं. गारठा का लिहिलंस ते समजत नाही. 'वाळूत नको, कारण विचारू नको' एवढंच लिहिलं असतंस तरी मी ऐकलं असतं गं. तुझं मी कधी ऐकलं नाही?

सात तारखेला मी लाल झेंडा लावला. दोन तासांत ऑफिसातला माणूस आला. कारण काय? मी म्हटलं, वाळू. चिठ्ठी काढ म्हणाला. चिठ्ठीवर समाधानकारक. झेंडा त्याने स्वतः उतरवला. खड्डा बुजवायला गेलो तर मुलांनी त्यात किल्ला बांधलेला, ओली वाळू छान उभी राहते ना. आयांना सांगत फिरतो. मला माझा आवाज कळत नाही म्हणून मी ओरडून बोलतो, त्यांना वाटतं भांडायलाच आला. वर बोट दाखवतात. हिरवा आहे की!

शनिवारी अण्णा म्हणाले, मला ने. फळ्या टाकून खुर्ची झाडांजवळ नेली. काठीने खुणावून एकेकीला बोलावत होते, पोरांना वाळूतून उठवा म्हणत होते. एक बाई हसली. मग तिची नजर दुमडलेल्या पॅन्टकडे गेली. तिने मुलीला बखोटीला धरून उठवलं. मला वाटलं, चला, एकीला तरी पटलं. तिने मुलीला वीस पावलं पलीकडे नेलं आणि खांबाखाली बसवलं. तिला अण्णांपासून लांब जायचं होतं, वाळूपासून नाही. मागोमाग आणखी दोघी गेल्या.

अण्णा बघत राहिले. मग म्हणाले, "उद्यापासून माझी खुर्ची खांबाखाली लाव. पॅन्ट वर दुमड, नीट दिसू दे. वाळूला भीत नाहीत, मला तर भितात."

काल लावली. दिवसभर खांबाखाली एक मूल बसलं नाही. अण्णांनी कुणाला गाडीचे धडेही दिले नाहीत, नुसते बसून होते. संध्याकाळी ऑफिसातला माणूस आला. लोक तक्रार करताहेत म्हणाला, आजोबांना बघून मुलं घाबरतात. गुरुवारपर्यंत हलवा, नाही तर आम्ही हलवू.

गुरुवारी तुझी चिठ्ठी येते. तिच्यावर वाळूचा एक शब्द येईल का? छापील, सहीशिक्क्याचा. तो आला तर मी कुणालाही त्यांना हात लावू देणार नाही. नाही आला तर उठवावं लागेल.

आणि अण्णा विचारत होते, हिने या वेळी 'पाया पडते' का नाही लिहिलं? मी काय सांगणार. म्हणाले, "तिला लिही, एक आहे अजून."

दादा


गुरुवार, २४ एप्रिल

दादा,

निकाल सोबत. चारही बाटल्या समाधानकारक. चिठ्ठीवर दुसरं काही नाही.

मी टाईप करून नेलं होतं, दोनदा. पहिल्यांदा साहेबांनी फाडलं. दुसऱ्यांदा फाडलं नाही, कागद उलटा ठेवला आणि म्हणाले, "बाई, मलाही नातवंडं आहेत. ती तिथेच खेळतात. पण रकाना नाही." गाडीची वेळ झाली तेव्हा मी जुन्या नमुन्याची चिठ्ठी काढली, त्यांनी सही केली, मी शिक्का मारला.

हिरवा झेंडाच लावावा लागेल.

खुर्ची हलवायला आले तर भांडू नको. तू गेलास तर बुडणाऱ्याला काढायला कोण आहे तिथे? अण्णांना मात्र सांग की नऊ वर्षं मी चिठ्ठ्या पाठवतेय, आणि त्या खांबाखालून एकाही मुलाला उठवता आलं नाही. ते त्यांनी चार दिवस केलं.

घरी नेलंस की त्यांचा उजवा पाय घरच्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धू. टाच बघ, बोटांच्या मध्ये बघ, कोरडा पूस. साखरेमुळे त्यांना दुखणार नाही, म्हणून तूच रोज बघायचं. का ते विचारशील तर जंतूंमुळे. गारठ्यामुळे नाही.

अण्णांच्या पाया पडते.

बारकी